पाच आठवड्यांची पारख

केंटकीच्या रानात जुलैमधल्या एखाद्या रात्री वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला हलवून उठवलं जातं आणि सांगितलं जातं, की आत्तापासून प्लॅटूनची प्रमुख तू. प्लॅटून म्हणजे चाळीसेक जण. ही मुलगी एरवी कुठल्याशा सरकारी विद्यापीठात अकाउंटिंग शिकते. दोन रात्री धड झोप नाही, बूट ओले, पोटरीला गोचीड चिकटलेली. समोरचे चाळीस जण तिच्याच वयाचे, तिच्याइतकेच पेंगुळलेले, आणि महिन्यापूर्वी त्यांतल्या बहुतेकांचं तोंडही तिनं पाहिलेलं नव्हतं. उजाडायच्या आत टेकडीपलीकडच्या ‘शत्रू’च्या ठाण्यावर छापा घालायचा आहे. शत्रू लुटुपुटीचा, काडतुसं नुसती आवाजाची. खरा आहे तो तिच्या मागे चार पावलांवर वही घेऊन चालणारा सार्जंट. तिनं चुकीचा फाटा धरला तरी तो हूं की चूं करत नाही. लिहीत राहतो.

अमेरिकी भूदलात दरवर्षी नव्यानं येणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण अशा वहीतून पार पडून आलेले असतात. चित्रपटांमुळे आपल्याला वेस्ट पॉइंट ठाऊक असतं. १८०२ साली हडसन नदीकाठी सुरू झालेली ही अकादमी मुलांना चार वर्षं कुलूपबंद ठेवून घडवते, पण तिथून वर्षाला हजाराच्या आसपासच अधिकारी निघतात. त्यांच्या कितीतरी पट येतात ते साध्या कॉलेजांतून, ‘रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर’ ऊर्फ आरओटीसी या योजनेतून. देशभरातल्या हजाराहून अधिक कॉलेजांतल्या मुलांना ती खुली आहे.

विषय कुठलाही घ्या, तत्त्वज्ञान घ्या, नर्सिंग घ्या. आठवड्यातून काही दिवस पहाटे व्यायाम, लष्करी विषयाचा एखादा वर्ग, अधूनमधून शनिवार-रविवार रानात. ज्याला शिष्यवृत्ती नाही, त्याला पहिली दोन वर्षं मोकळीक असते, पटलं नाही तर सोडून द्यावं. पुढे जायचं तर करारावर सही करावी लागते. एकूण बांधिलकी आठ वर्षांची, त्यातली काही पूर्णवेळ सेवेत आणि उरलेली राखीव दलात काढता येतात. तिसरं वर्ष संपलं की उन्हाळ्यात केंटकीतल्या फोर्ट नॉक्स इथं ‘ॲडव्हान्स्ड कॅम्प’. तो पार पडल्याशिवाय सेकंड लेफ्टनंटची सोनेरी पट्टी मिळत नाही. आजारपणामुळे किंवा आणखी कशानं राहून गेलाच, तर पदवी हातात घेऊन पुढच्या उन्हाळ्यात यायचं आणि नेमणूक तोवर थांबवून ठेवायची. ज्यांना ही वाट दोन वर्षं उशिरा सुचली त्यांच्यासाठी तिथंच महिनाभराचा ‘बेसिक कॅम्प’ असतो. सैनिक म्हणून आधी भरती होऊन ज्यांचं पायाभूत शिक्षण झालेलं आहे, त्यांना तो माफ.

हे सगळं नियमावलीत सापडतं. एका उन्हाळ्यावर इतका भार का टाकला, याचं उत्तर मात्र इतिहासात शोधावं लागतं.

अमेरिकेला मोठ्या खड्या फौजेचं प्रेम पहिल्यापासून कमीच. युद्ध आलं की शेतकरी, वकील, कारकून बंदूक उचलतील आणि संपलं की घरी जातील, ही तिथली जुनी समजूत. पण बंदूक उचलणाऱ्यांना हुकूम कोण देणार? कॅप्टन ॲल्डन पार्ट्रिज या वेस्ट पॉइंटमधून बाहेर पडलेल्या माणसानं १८१९ मध्ये व्हरमाँट राज्यात नॉर्विच इथं एक खासगी शाळा काढली. नागरिकांनाच विद्येबरोबर लष्करी शिक्षण द्यावं, असा त्याचा आग्रह. १८६२ च्या मॉरिल कायद्यानं सरकारी जमिनींच्या मदतीवर जी विद्यापीठं उभी राहिली, त्यांना शेती आणि यंत्रविद्येबरोबर लष्करी डावपेच शिकवण्याचीही अट घातली गेली. अट पुष्कळ ठिकाणी कवायतीपुरतीच पाळली जाई.

उन्हाळ्याची कल्पना आणली ती लेनर्ड वुड यांनी, आणि या गृहस्थांचा प्रवास मोठा गमतीचा आहे. ते हार्वर्डमधून शिकलेले डॉक्टर. लष्करात आले ते शल्यवैद्य म्हणून. अपाची नेता जेरोनिमोच्या पाठलागात नाव कमावलं, क्यूबाच्या युद्धात ‘रफ रायडर्स’ पथकाचे कर्नल झाले (हाताखाली पुढे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट!) आणि १९१० मध्ये भूदलाचे प्रमुख. वेस्ट पॉइंटची पायरी विद्यार्थी म्हणून एकदाही न चढलेला माणूस त्या फौजेच्या शिखरावर बसला. चांगला अधिकारी चार वर्षं अकादमीत मुरावाच लागतो, हे त्यांना कुणी पटवून देऊ शकलं नसतं. १९१३ मध्ये त्यांनी कॉलेजच्या मुलांसाठी दोन उन्हाळी छावण्या भरवल्या, एक गेटिसबर्गला आणि दुसरी कॅलिफोर्नियात माँटेरेला. खर्च ज्याचा त्यानं करायचा.

दोन वर्षांनी न्यूयॉर्क राज्यात शँप्लेन सरोवराकाठी प्लॅट्सबर्गला बाराशेच्या आसपास प्रौढ मंडळी जमली. त्यांत बँकर होते, वकील होते, न्यूयॉर्कचे महापौरही होते. युरोपात महायुद्ध पेटलेलं, अमेरिका अजून बाहेर. तिथं येऊन रूझवेल्ट यांनी भाषण ठोकलं आणि अध्यक्ष विल्सन यांच्या धोरणावर तोंडसुख घेतलं. त्यांना बोलावल्याबद्दल युद्धमंत्र्यांकडून कानउघाडणी झाली ती वुड यांची. पण वारं फिरलं होतं. जून १९१६ मध्ये त्याच विल्सन यांनी ‘नॅशनल डिफेन्स ॲक्ट’वर सही केली आणि आरओटीसीचा जन्म झाला. पुढच्या वर्षी अमेरिका युद्धात उतरली तेव्हा प्लॅट्सबर्गच्याच धर्तीवर देशभर तीन-तीन महिन्यांच्या छावण्या काढाव्या लागल्या. पहिल्याच फेरीत सत्तावीस हजारांच्या घरात अधिकारी तयार झाले.

पदरचे पैसे टाकून उन्हाळ्यात लष्करी शिक्षण घेणं ही तेव्हा अर्थातच खात्यापित्या घरांतल्यांची हौस होती. ते चित्र उलटलं १९६४ च्या कायद्यानं. आरओटीसीला शिष्यवृत्त्या जोडल्या गेल्या. आज अनेक मुलं या वाटेला येतात त्याचं पहिलं कारण देशभक्तीपेक्षा कॉलेजची फी हे असतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. लष्करालाही ते ठाऊक आहे. फीसाठी आलेल्यांतून अधिकारी कोण होऊ शकतो हे ओळखणं, हे त्याचं काम.

इथंच कॅम्पची गरज कळते. अकादमीतल्या मुलाला चोवीस तास, चार वर्षं न्याहाळता येतं. कॉलेजातला मुलगा लष्करी शिक्षकांना दिसतो आठवड्यातले मोजके तास. शिवाय एका कॉलेजात शंभर कॅडेट असतात, दुसऱ्यात पंधरा. एका ठिकाणचे शिक्षक कडक, दुसरीकडचे कनवाळू. मग टेक्सासचा ‘उत्तम’ आणि मेनचा ‘उत्तम’ एकच कसा मानायचा? म्हणून सगळ्यांना एका रानात, एका हवेत, एकाच मापानं मोजायचं. फोर्ट नॉक्सवर शिकवणं होतं, नाही असं नाही. पण माझ्या मते तो कॅम्प आहे पारखण्यासाठी, आणि तिथली जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्या हिशेबानं पाहिली की उलगडते.

जागेबद्दल थोडंसं. फोर्ट नॉक्स म्हटलं की लोकांना अमेरिकेचं सोनं आठवतं. ती तिजोरी १९३६ मध्ये बांधून झाली आणि आजही तिथंच आहे, पण कॅडेटांचा तिच्याशी संबंध येतो तो बसच्या खिडकीतून, आला तर. अनेक वर्षं ही छावणी रणगाडा दलाचं माहेरघर होती. रणगाड्यांची शाळा जॉर्जियात हलल्यावर जागा मोकळी झाली. आरओटीसीचं मुख्यालय इथं आलं आणि त्यामागोमाग, २०१४ पासून, वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्ट लुइसचा उन्हाळी कॅम्पही. फोर्ट लुइसचा उन्हाळा सौम्य. केंटकीचा दमट, घामट, दुपारी विजा कडाडणारा. कोकणातला मे महिना काढलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल. पाठीवर सोळा किलोंचं ओझं, डोक्यावर हेल्मेट आणि अंगावर पूर्ण बाह्यांचा गणवेश एवढी भर घालायची. इथल्या तीन चढांची नावंच ‘ॲगनी’, ‘मिझरी’ आणि ‘हार्टब्रेक’ अशी आहेत. यातना, हालअपेष्टा, काळीजतोड.

उकाड्याला तिथं गांभीर्यानं घेतलं जातं. हवेचं तापमान, दमटपणा, वारा आणि ऊन एकत्र धरून एक आकडा काढतात. तो ९० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३२ सेल्सियसच्या वर गेला की सर्वांत वरची, ‘काळ्या झेंड्या’ची पायरी लागते आणि काम किती मिनिटं व विश्रांती किती, याचं गणित बदलतं. मैदानावर बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरी पेट्यांत तयार असतात. कुणी उष्माघातानं कोसळलं की आधी चादरीत गुंडाळायचं, मग बाकीचं. कोपरापर्यंत हात बुडवायला गार पाण्याचे हौदही ठेवलेले असतात.

कॅडेट शेकड्यांच्या तुकड्यांनी येतात, तुकडीला रेजिमेंट म्हणतात, आणि जूनपासून एकीमागून एक अशा रेजिमेंटा सुरू होतात. प्रत्येकीला साधारण पाच आठवडे. एका कॉलेजची मुलं मुद्दाम फोडून वेगवेगळ्या स्क्वॉडमध्ये, म्हणजे प्लॅटूनमधल्या लहान गटांत, टाकतात. ओळखीचा आधार नको. पहिले काही दिवस ठरल्या पठडीतले असतात, त्यांत फार रेंगाळण्याचं कारण नाही. शारीरिक चाचणी, दोरानं उंच मनोऱ्यावरून उतरणं, अश्रुधुराच्या खोलीत मुखवटा काढून डोळ्यानाकातून वाहत बाहेर येणं, जखमीला रक्तस्राव थांबवणारा पट्टा आवळणं. रायफलच्या परीक्षेत ५० ते ३०० मीटरवर उभी राहणारी चाळीस लक्ष्यं असतात, निदान तेवीस पाडावी लागतात. छत्तीस किंवा जास्त पाडणारा ‘एक्स्पर्ट’. मग पाठीवर ओझं घेऊन चालणं, वाढवत वाढवत बारा मैलांपर्यंत, म्हणजे एकोणीस किलोमीटरहून थोडं जास्त.

रंग भरतो तो नकाशाच्या परीक्षेपासून. हातात कागदी नकाशा, कोनमापक, होकायंत्र. जीपीएस नाही, फोन नाही. रानात ठिकठिकाणी खांब रोवलेले, त्यांचे आकडे शोधून लिहून आणायचे, ठरल्या वेळेत, एकट्यानं. अंतर मोजायचं पावलांनी. शंभर मीटरला आपलं डावं पाऊल किती वेळा पडतं हे प्रत्येकानं आधी मोजून ठेवलेलं असतं. चढावर तो आकडा बदलतो, झुडपांत बदलतो, थकल्यावर बदलतो. शिवाय होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर एक नसते, तो फरक धरायला विसरलं की दोन किलोमीटरनंतर माणूस भलत्याच ओढ्यात उभा. काही वेळ काळोखातही शोधायचं असतं. कॉलेजच्या पटांगणात सगळ्यांत पुढे धावणारी मुलं इथं गडबडतात आणि चष्मा सावरत शांतपणे पावलं मोजणारी पार पडतात, यात नवल नाही. हरवलो आहोत हे वेळीच कबूल करून शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे यायला पायांपेक्षा मनाचा दम लागतो.

त्यानंतरचे दिवस सगळे रानातच. दिवसागणिक, कधी अर्ध्या दिवसागणिक, प्रमुख बदलतात. काल जी स्क्वॉडची प्रमुख होती ती आज साधी सैनिक, कालचा साधा सैनिक आज प्लॅटूनचा सार्जंट. वरून हुकूम येतो, अमुक ठिकाणी अमुक वेळेपर्यंत दबा धरा. इथं एक नियम फार सुंदर आहे. प्रमुखानं हाती असलेल्या वेळेचा फक्त एक तृतीयांश स्वतःच्या आखणीला घ्यायचा, उरलेला दोन तृतीयांश हाताखालच्यांना तयारीसाठी सोडायचा. नवखा कॅडेट नेमका इथं फसतो. सर्वांगसुंदर योजना आखता आखता रात्र सरते आणि स्क्वॉडप्रमुखांना ती समजावून घ्यायला दहा मिनिटं उरतात. वहीत पहिली नोंद पडते ती बहुधा याच चुकीची.

हुकूम तोंडी द्यायचा, त्याचे परिच्छेद पाच, क्रम ठरलेला: परिस्थिती, कामगिरी, ती कशी पार पाडायची, रसद, आणि कोण कुणाच्या हुकमात व संदेश कसे द्यायचे. जमिनीवर काटक्या, दोऱ्या, खडे, शेवाळ मांडून टेकड्या-ओढ्यांचा छोटा देखावा करतात आणि सगळे त्याभोवती बसतात. अर्धे डुलक्या काढत असतात. अशा माणसांसमोर आवाज न चढवता, न अडखळता, ‘तू या झाडापासून त्या दगडापर्यंत’ इतकं नेमकं सांगता येणं, हे ज्याला जमलं त्याचं निम्मं काम झालं. मुक्कामाची जागा त्रिकोणी आखायची, कोपऱ्यांवर मशीनगन. पाळीपाळीनं जागायचं. पहाटे उजेड फुटण्याआधी सगळ्यांनी शस्त्र रोखून सज्ज व्हायचं. जेवण पाकिटबंद, एका पाकिटात साडेबाराशेच्या आसपास कॅलरी, आणि त्यातल्या मिठाईवरून होणारे सौदे हा तिथला एकमेव मुक्त बाजार.

काम संपलं की सगळे गोल बसून उजळणी करतात. काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, पुढं काय बदलायचं. त्यानंतर वहीवाला त्या दिवसाच्या प्रमुखाला बाजूला घेऊन शेरा सांगतो. स्क्वॉडमधले सोबतीही एकमेकांना जोखतात. परीक्षक पाहत नसताना कोण पाण्याचे कॅन उचलायला जातं आणि कोण नेमका तेव्हा बूट बांधत बसतं, हे सोबत्यांशिवाय कुणाला कळणार? छापा यशस्वी झाला की फसला याला, ऐकून आश्चर्य वाटेल, त्या मानानं कमी वजन. बेत कोसळल्यावर तुम्ही काय केलंत याला जास्त.

पण पारखणारी माणसंच असतात, आणि माणसांचे पूर्वग्रह त्यांच्याबरोबर रानात येतात. १९५७ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा एक कॅडेट नॉर्थ कॅरोलिनातल्या फोर्ट ब्रॅगच्या कॅम्पला गेला. आईवडील जमैकाहून आलेले, वर्णानं काळा, नाव कॉलिन पॉवेल. आपल्या कंपनीत तो पहिला आला, सबंध कॅम्पमध्ये दुसरा. निघण्याच्या आदल्या रात्री सामान परत करायला गेला तेव्हा कोठारावरच्या गोऱ्या सार्जंटनं त्याला विचारलं, पहिला का नाही आलास ठाऊक आहे? दक्षिणेतल्या कॉलेजांचे शिक्षक परत जाऊन, आमच्यात सर्वांत चांगला निघाला तो एक निग्रो, असं सांगतील असं वाटलं तुला? पॉवेल यांनी आत्मचरित्रात हा प्रसंग लिहिला आहे. परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपांवर तीन-तीन स्वच्छतागृहं असत, पुरुषांचं, बायकांचं आणि काळ्यांचं, हेही लिहिलं आहे. १९८९ मध्ये ते अमेरिकेच्या सेनादलांच्या प्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष झाले, आरओटीसीतून आलेले पहिलेच. एकेका परीक्षकाच्या मनावर न सोडता अनेकांच्या नोंदी, ठरलेले निकष, सोबत्यांचं मत असा जो आटापिटा आजच्या कॅम्पात दिसतो, तो त्या सार्जंटच्या प्रश्नाला दिलेलं उशिराचं उत्तर आहे असं मला वाटतं. मुलींना तर भूदलाच्या आरओटीसीचं दार १९७० च्या दशकापर्यंत बंदच होतं.

त्या दशकाच्या तोंडाशी तर योजनाच राहते की जाते अशी अवस्था झाली. व्हिएतनामच्या संतापाचा पहिला मार कॉलेजच्या आवारातल्या आरओटीसीच्या इमारतींना बसला. ओहायोत केंट स्टेट विद्यापीठातली अशी इमारत २ मे १९७० रोजी जाळली गेली, नॅशनल गार्डचे सैनिक आले आणि दोन दिवसांनी त्यांच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले. हार्वर्डनं आरओटीसी आवाराबाहेर काढली, ती परत घेतली २०११ मध्ये. कॅम्पही २०२० मध्ये पुरता हुकला, करोनामुळे. तेव्हा मुलांची परीक्षा त्यांच्या त्यांच्या भागातच उरकावी लागली.

बाकी दलांचे उन्हाळे वेगळे. हवाई दल आपल्या कॅडेटांना दुसऱ्या वर्षानंतरच अलाबामात मॅक्सवेल तळावर बोलावतं. नौदलाची मुलं जहाजांवर आणि पाणबुड्यांवर जाऊन येतात. मरीन्सचा मामला सर्वांत कोरडा: व्हर्जिनियात क्वांटिको इथं सहा-सहा आठवड्यांचे दोन उन्हाळे किंवा दहा आठवड्यांचा एक. वर्षभर गणवेश नाही, वर्ग नाही. जे काय पारखायचं ते तिथंच, आणि नको वाटलं तर स्वतःहून निघून जायची मुभा.

आपल्याकडच्या वाचकाला हे सारं वाचताना एनसीसी आठवणं साहजिक आहे. १९४८ मध्ये सुरू झालेल्या एनसीसीतही कॅम्प केल्याशिवाय ‘बी’ आणि ‘सी’ सर्टिफिकेट मिळत नाही, आणि ‘सी’वाल्या पदवीधराला लेखी परीक्षा न देता चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीचा दरवाजा ठोठावता येतो. पण आपला दहा दिवसांचा वार्षिक कॅम्प कुणाला नापास करण्यासाठी नसतो. पारख करते ती एसएसबी ही निवड समिती, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी बसवलेल्या पद्धतीची: भोपाळ, प्रयागराज किंवा बंगळूरुला पाच दिवस, मानसशास्त्रज्ञ, मुलाखत, आणि फळी-पिंप-दोर घेऊन गटानं अडथळे ओलांडणं. तिथलाही परीक्षक मदत करत नाही, नुसता पाहतो. निवड झाली तर मग ४९ आठवडे चेन्नईत. म्हणजे आधी माणूस निवडायचा, नंतर घडवायचा. अमेरिकेत तीन वर्षं घडवत नेऊन मग कसोटीला उभं करतात. त्यांच्या पद्धतीत माणसाला खऱ्या थकव्यात पाहता येतं, हा मोठाच फायदा. आपल्या पद्धतीत अयोग्य ठरलेल्या मुलाचं फार काही गेलेलं नसतं, पाच दिवस आणि रेल्वेचं भाडं. तो पुन्हा अर्जही करू शकतो.

नॉक्सवर अपयशी ठरणं महाग पडतं. पाय मुरगळला किंवा एखादी परीक्षा चुकली तर मागून येणाऱ्या रेजिमेंटमध्ये ढकलतात, तिथून पुढं चालू. वर्तनात खोट निघाली तर घरी पाठवणी, आणि प्रकरण कॉलेजच्या लष्करी शिक्षकांकडे. अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतूनही आता कॉलेजच्या अर्जाबरोबर या शिष्यवृत्तीची चौकशी होते. करारावर सही करायला नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड पुरत नाही. आणि सही करण्यापूर्वी आईवडिलांनी मुलाबरोबर बसून ते कलम दोनदा वाचावं ज्यात लिहिलेलं असतं, की कॅडेटनं करार मोडला तर शिष्यवृत्तीची रक्कम परत करावी लागेल, किंवा सरकार म्हणेल तर साधा सैनिक म्हणून फौजेत जावं लागेल.